सूर्यविजेचे नवे वाण : सेंद्रिय सौरघट

(ऊस विकास विभागाकडून)



आपल्या कार्यक्षेत्रात सौर पंप दिसू लागले आहेत. गटवार मेळाव्यांत लागण, बेणे, खते यांच्या जोडीला आता "साहेब, पॅनेल कुठलं घ्यावं?" हा प्रश्न हटकून येतो. त्यात काही तरुण सभासदांनी मोबाईलवर वाचलेली बातमी अशी की, प्लॅस्टिकच्या कागदासारखी, गुंडाळून खांद्यावर टाकता येतील अशी सौर पॅनेल निघाली आहेत, वर्तमानपत्र छापावे तशी ती छापता येतात, आणि त्यांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या घरात गेली आहे. मग आत्ता काचेच्या पॅनेलात पैसे अडकवावेत, की दोन-तीन वर्षे थांबावे? प्रश्न रास्त आहे. तो पैशाचा आहे, तसाच पाण्याचाही आहे. ऐन वाढीच्या काळात पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या तर उसाचे काय होते, हे सभासदांना सांगायला नको.

उत्तर आम्ही लेखाच्या शेवटी दिले आहे. पण नुसते "थांबा" किंवा "थांबू नका" म्हणून भागत नाही. बातमी खोटी नाही, तरीही ती अपुरी आहे. ती पुरी समजायची तर हे पॅनेल ज्या पदार्थांचे बनते ते पदार्थ शास्त्रज्ञ कसे शोधतात, हे पाहावे लागेल. हे काम उसाच्या नव्या जाती काढण्याच्या कामाशी इतके मिळतेजुळते आहे की, ऊस पिकवणाऱ्याला ते समजायला जड जाणार नाही.

सेंद्रिय म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. सेंद्रिय सौरघट म्हणजे शेणखताचा किंवा गांडूळखताचा सौरघट नव्हे. रसायनशास्त्रात ज्या पदार्थांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा असतो, त्यांना सेंद्रिय पदार्थ म्हणतात. आपली साखर हा सेंद्रिय पदार्थच होय. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ व ऑक्सिजनचे ११ अणू असतात. प्लॅस्टिक, रंग, औषधे, पानातले हरितद्रव्य हे सारे त्याच घराण्यातले.

आज शेतात दिसतात ती पॅनेल सिलिकॉनची आहेत. सिलिकॉन वाळूतून मिळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली पहिला कामाचा सिलिकॉन सौरघट दाखविला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. म्हणजे त्यावर १०० भाग ऊन पडले तर ६ भागांची वीज मिळे. आज बाजारातील चांगली पॅनेल २० ते २३ टक्के देतात. तुलनेसाठी सांगायचे तर, ऊस, मका यांच्या वर्गातील वनस्पती उन्हातील शक्तीपैकी जास्तीत जास्त ६ टक्क्यांच्या आसपास भाग आपल्या वाढीत साठवू शकतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. प्रत्यक्ष शेतात त्याहून बरेच कमी साधते.

सिलिकॉनची चकती तयार करायला प्रचंड उष्णता लागते, आणि ती जाड व ठिसूळ असते. सेंद्रिय पदार्थाचे तसे नाही. तो द्रावणात विरघळवून शाईसारखा पसरता येतो, आणि वीज देणारा थर केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ असला तरी चालतो. माल थोडा, वजन कमी, वाकवला तरी चालेल, अशी ही आशा आहे. अडचण आहे ती त्याच्या स्वभावात.

तोडलेला ऊस आणि बांधलेला इलेक्ट्रॉन

ऊन पदार्थावर पडले की त्यातला इलेक्ट्रॉन उसळी घेतो व मागे त्याची जागा रिकामी राहते. इलेक्ट्रॉन एका टोकाला आणि ही रिकामी जागा दुसऱ्या टोकाला गेली की वीज मिळाली. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन दावे सुटलेल्या वासरासारखा लगेच मोकळा होतो. सेंद्रिय पदार्थात मात्र तो आपल्या रिकाम्या जागेशी बांधलेलाच राहतो. साध्या हवेतील उष्णतेने त्याला जेवढा हिसका बसतो, त्याच्या दसपटीहून अधिक जोर हे दावे तोडायला लागतो. या बांधलेल्या जोडीला शास्त्रज्ञ एक्सायटॉन म्हणतात.

दावे तोडण्याचा एक उपाय आहे. इलेक्ट्रॉन देणारा एक पदार्थ, म्हणजे दाता, व इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा, म्हणजे ग्राही, असे दोन एकमेकांना भिडवले की त्यांच्या सीमेवर जोडी फुटते. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ चिंग टांग यांनी १९८६ साली असे दोन थर एकावर एक घालून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवून दाखविली. त्यातील एक थर निळ्या रंगात व शाईत वापरतात त्याच जातीच्या पदार्थाचा होता. आकडा लहान, पण वाट सापडली.

तरीही एक खोच राहिली. ही जोडी फार काळ टिकत नाही व फार लांब जात नाही. साधारण दहा नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा एक लाखावा भाग, एवढी तिची मजल. तेवढ्यात सीमा गाठली नाही, तर ऊन फुकट जाते. तोडलेला ऊस वेळेत गाळपाला गेला नाही तर त्यातली साखर घटते, तसेच हे आहे. थर जाड ठेवावा तर जोडी सीमेपर्यंत पोचत नाही, आणि पातळ ठेवावा तर ऊन शोषलेच जात नाही.

यावर १९९५ च्या सुमारास तोडगा निघाला. अमेरिकेत ॲलन हीगर यांच्या गटाने व त्याच काळात इंग्लंडमधील केंब्रिजच्या गटाने दोन्ही पदार्थ थरांनी न घालता एकमेकांत मिसळून टाकले. म्हणजे लांबच्या एका कारखान्याऐवजी शिवारातल्या बांधाबांधावर गुऱ्हाळ आले म्हणा ना! जोडी कोठेही तयार झाली तरी सीमा हाताशीच. मात्र बांधावर गूळ तयार होऊन भागत नाही, तो बाजारात न्यायला पाणंद लागते. तशी मिश्रणात दात्याची एक व ग्राहीची एक, अशा टोकापर्यंत अखंड वाटा राहिल्या पाहिजेत. फार मिसळले तर वाटा तुटतात, कमी मिसळले तर सीमा लांब पडते. वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधाबद्दल हीगर यांना आणखी दोघांसह २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टनेज आणि उतारा

आता मुख्य मुद्दा. चांगला रेणू कोणता?

आपण उसाची जात निवडताना नुसते टनेज पाहत नाही. टनेज भरपूर पण उतारा नाही, तर कारखान्याला परवडत नाही. उतारा चांगला पण वजन नाही, तर शेतकऱ्याला परवडत नाही. दोन्ही आहे पण रोगाला बळी पडते, तर कोणालाच नाही. सौरघटाचेही तसेच. त्याची शक्ती तीन आकड्यांच्या गुणाकाराने ठरते : दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह, आणि प्रत्यक्षात हाती लागणारा हिस्सा.

कडक ऊन दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट शक्ती देते असे धरतात. २००५ च्या सुमारास जी जोडी सर्वत्र वापरली जात होती, तिचे आकडे ढोबळपणे असे : दाब ०.६ व्होल्ट, प्रवाह १० मिलिॲम्पियर, हाती लागणारा हिस्सा ०.६५. गुणाकार केला की ३.९ येतो. म्हणजे कार्यक्षमता ४ टक्क्यांच्या आसपास.

मग प्रवाह वाढवावा म्हटले तर? त्यासाठी रेणूने लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे ऊनही शोषले पाहिजे. रेणूत फेरफार करून ते साधता येते, पण तसे करताच दाब उतरतो. टनेज वाढवायला जावे तर उतारा घसरतो, तीच गत.

दुसरी अडचण पायरीची. दात्याकडून ग्राहीकडे इलेक्ट्रॉन जायला दोघांच्या पातळीत थोडा उतार हवा. चारीतून सरीत पाणी जायला उतार लागतो, पण गरजेपेक्षा जास्त उतार दिला तर पाण्याची उंची फुकट जाते व पुढचा उंचवटा भिजत नाही. तसे इथे पायरी मोठी ठेवली की दाब वाया जातो, आणि फारच लहान ठेवली तर इलेक्ट्रॉन हलेल की नाही, ही शंका. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञ ०.३ व्होल्टची पायरी आवश्यक धरून चालले होते.

तिसरी गोष्ट रेणूंच्या रचनेची. ते एकावर एक नीट रचले गेले तरच वाटा तयार होतात. चौथी टिकाऊपणाची आणि पाचवी खर्चाची. एका रेणूत हे पाचही गुण उतरवायचे, हे खरे काम होय.

तेवीस लाखांतून निवड

कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२ पासून संकराचे काम चालते. संकरातून हजारो रोपे घ्यायची, बहुतेक बाद करायची, उरलेल्यांची वर्षानुवर्षे चाचणी घ्यायची, मग एखादी जात आपल्या बांधापर्यंत येते. आपला को ८६०३२ हा को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरातून असाच निवडला गेला. रेणूंच्या बाबतीत एकेक रेणू प्रयोगशाळेत बनवायला आठवडे, कधी महिने लागतात. सगळे बनवून पाहणे अशक्य. म्हणून आधी गणिताने चाळण लावायची कल्पना निघाली.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ॲलन आस्पुरू-गुझिक यांच्या गटाने २००८ साली हे काम हाती घेतले. त्यासाठी एकच मोठा संगणक न घेता, जगभरच्या सामान्य लोकांनी आपापल्या घरचे संगणक रिकाम्या वेळात या कामाला दिले. आय.बी.एम. कंपनीने चालविलेल्या एका योजनेतून हे जमले. वेळ ज्याचा त्याने दिलेला, फळ सर्वांचे. सहकार म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

रेणूंचे २६ मूळ तुकडे घेऊन त्यांच्या निरनिराळ्या जोडण्या मांडल्या. प्रत्येक जोडणी किती ऊन शोषील, तिची पातळी कोठे येईल, याचे गणित झाले. २०१३ साली २३ लाख रेणूंची यादी सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यापैकी सुमारे ३५ हजार रेणू १० टक्के किंवा अधिक कार्यक्षमता देऊ शकतील व त्यातले सुमारे एक हजार ११ टक्क्यांच्या वर जातील, असा अंदाज निघाला. शंभरात दीड रेणू चाळणीवर उरला म्हणायचा.

या चाळणीचा मोठा उपयोग झाला. कोठे शोधू नये हे तिने सांगितले. पण तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. एक, गणित एकेकट्या रेणूचे होते. द्रावण वाळताना लाखो-कोटी रेणू एकमेकांत कसे बसतील, ते त्यात धरता येत नव्हते. बेणे चांगले म्हणून प्लॉट चांगला येईलच असे नाही. दोन, सगळा शोध दात्याचा होता. ग्राही ठरलेलाच धरला होता.

ग्राही बदलला आणि आकडा हलला

हा ठरलेला ग्राही म्हणजे फुलेरीन. कार्बनच्या ६० अणूंचा, फुटबॉलच्या आकाराचा हा रेणू १९८५ साली सापडला व त्याबद्दल क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात तो पटाईत. पण स्वतः ऊन फार थोडे शोषतो, त्याची पातळी बदलणे अवघड, आणि कालांतराने मिश्रणात त्याच्या गुठळ्या होतात. म्हणजे जोडीतला एक बैल ओढतो व दुसरा नुसता चालतो, असा प्रकार. दाते कितीही सुधारले तरी फुलेरीनच्या संगतीने गाडी ११-१२ टक्क्यांच्या पुढे जाईना.

मग काही रसायनशास्त्रज्ञांनी ग्राहीच बदलायचे ठरविले. पेकिंग विद्यापीठातील झान शिआओवेई यांच्या गटाने २०१५ साली आय.टी.आय.सी. नावाचा लांबट, सपाट रेणू पुढे आणला. त्याने ६.८ टक्के दिले, म्हणजे त्या वेळच्या फुलेरीनच्या मानाने कमीच. पण तो स्वतः ऊन शोषत होता व त्याच्या सांगाड्यात फेरफार करायला वाव होता. पहिल्या वर्षी कमी उतरला म्हणून प्लॉट मोडला नाही, हे महत्त्वाचे.

२०१९ साली चीनमधील चांगशा येथील सेंट्रल साऊथ विद्यापीठातील झोऊ यिंगपिंग यांच्या गटाने वाय-६ हा रेणू जाहीर केला. त्याचा मधला भाग इलेक्ट्रॉन ओढणारा, त्याच्या दोन्ही बाजू देणाऱ्या, आणि टोके पुन्हा ओढणारी. सांगाडा थोडा वाकलेला, कोयत्याच्या पात्यासारखा. टोकांना फ्लोरिनचे अणू आणि अंगाला लोंबत्या साखळ्या. यातली कोणतीही गोष्ट शोभेसाठी नाही. ओढणाऱ्या व देणाऱ्या तुकड्यांच्या आलटून-पालटून रचनेमुळे तो लालपलीकडचे, सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतचे ऊन शोषतो. वाकलेल्या आकारामुळे रेणू जाळीसारखे एकमेकांत गुंफले जातात व इलेक्ट्रॉनला अनेक दिशांनी वाटा मिळतात. साखळ्यांमुळे तो द्रावणात विरघळतो.

त्याचे आकडे पाहा : दाब ०.८३ व्होल्ट, प्रवाह २५.३ मिलिॲम्पियर, हाती लागणारा हिस्सा ०.७४८. गुणाकार १५.७ टक्के. जुन्या जोडीशी ताडून पाहिले की दिसेल, प्रवाह अडीचपट झाला आणि दाब उतरायच्या ऐवजी वाढला. टनेज आणि उतारा दोन्ही एका जातीत आले. पूर्वी अटळ वाटणारी ती मोठी पायरी इथे फार लहान आहे, तरीही जोड्या फुटतात. जुना नियम सरसकट नव्हता, हे या रेणूने दाखवून दिले. आज प्रयोगशाळांत दिसणारे १९-२० टक्क्यांचे आकडे बहुतांशी याच वाणाच्या पुढच्या पिढ्यांचे आहेत.

प्रयोगशाळेचा आकडा व शेताचा आकडा

आता बातमीतील अपुरा भाग. हे उच्चांक बहुधा एक चौरस सेंटिमीटरपेक्षाही लहान तुकड्यावर घेतलेले असतात. तेवढ्या जागेत थर एकसारखा बसतो. मोठ्या पट्ट्यावर छापताना जाडी कमी-जास्त होते, जोडण्यांत वीज खर्ची पडते व आकडा खाली येतो. एका गुंठ्यातल्या प्लॉटचा उतारा दहा एकरांना लावू नये, हे आपण जाणतोच.

दुसरे, टिकाऊपणा. ऊन, ऑक्सिजन, ओलावा व उष्णता हे चारही सेंद्रिय रेणूंचे शत्रू आणि शेतात चारही हजर! रेणू तुटतात, मिश्रणातील बारीक रचना हळूहळू विस्कटते. चांगल्या वेष्टनाने आयुष्य वाढते, पण वेष्टनाचाही खर्च आहे. सिलिकॉनच्या पॅनेलना कंपन्या २५ वर्षांची हमी देतात.

तिसरे, खर्च व विषारीपणा. वाय-६ सारखा रेणू बनवायला एकामागून एक अनेक रासायनिक क्रिया कराव्या लागतात व प्रत्येक पायरीला माल घटतो. तो विरघळवायला क्लोरोफॉर्मसारखी द्रावणे लागतात, जी कारखान्यात हजारो लिटर वापरणे कामगारांच्या प्रकृतीस बरे नाही. म्हणून सध्याचा शोध कमी क्रियांत बनणारे, साध्या द्रावणात विरघळणारे व उन्हात टिकणारे रेणू काढण्याकडे वळला आहे.

कार्यक्षमतेला एवढे महत्त्व का, हे जागेच्या हिशेबाने पटेल. ५ अश्वशक्तीच्या सौर पंपाला साधारण ४८०० वॅटची पॅनेल लागतात. कडक उन्हात एका चौरस मीटरवर १००० वॅट शक्ती पडते.

कार्यक्षमता २० टक्के असेल तर पॅनेल २४ चौरस मीटर.
१० टक्के असेल तर ४८ चौरस मीटर.
४ टक्के असेल तर १२० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याहून जास्त.

पॅनेल वाढले की सांगाडा, पाया, तार, जागा सारेच वाढते. पॅनेल स्वस्त मिळाले तरी हा खर्च चुकत नाही.

मग उपयोग कोठे?

या पॅनेलचा एक गुण सिलिकॉनला सहजी जमणार नाही. पिकाला ४०० ते ७०० नॅनोमीटरचे ऊन लागते. त्यापलीकडचे शोषणारा व हे बऱ्याच अंशी खाली सोडणारा रेणू निवडता येतो. म्हणजे पॉलिहाऊसच्या छपरावर वीज व खाली पीक. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात अशा घटांतून गाळून येणाऱ्या प्रकाशात लाल पानाचे लेट्यूस वाढवून पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पिकाच्या वजनात लक्षणीय घट आली नाही. रोपवाटिकांसाठी हा विषय पुढे लक्षात ठेवण्याजोगा आहे. उसाला उघडे, भरपूर ऊन लागते, तेव्हा उसावर छप्पर घालण्याचा विचार कोणी मनात आणू नये.

सभासदांना सूचना

१. पंपासाठी पॅनेल घ्यायचे असेल तर सेंद्रिय पॅनेलची वाट पाहत पाणी अडवून ठेवू नका. आज पंपाला सिलिकॉनच योग्य. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला आहे.

२. कोणी विक्रेता "नवे, लवचिक, छापील पॅनेल" म्हणून काही दाखवू लागला तर तीन गोष्टी लेखी मागा : पूर्ण पॅनेलचे वॅट किती, क्षेत्रफळ किती, आणि किती वर्षांनी किती वॅट उरतील याची हमी. वॅटला चौरस मीटरने भागा, आलेल्या आकड्याला १० ने भागा, की कार्यक्षमता टक्क्यांत मिळेल. उदाहरणार्थ, २ चौरस मीटरला ४०० वॅट म्हणजे २० टक्के. प्रयोगशाळेच्या बातमीचे कात्रण म्हणजे हमीपत्र नव्हे.

३. ज्यांची मुले-मुली रसायनशास्त्र शिकत आहेत त्यांनी हा अंक त्यांना जरूर वाचायला द्यावा. नवा रेणू काढण्याचे काम संपलेले नाही. पाचही गुण एकत्र असलेला वाण अजून यायचा आहे, आणि तो शोधणाऱ्याला गणित, रसायन व चिकाटी या तिन्हींची गरज लागेल.

पॅनेलसंबंधी शंका असल्यास विक्रेत्याचे दरपत्रक घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. गटाचे ॲग्री ओव्हरसियर हिशेब करून देतील. सही त्यानंतर करावी, ही विनंती.